आतली कडी

“मला खिडकी नको वहिनी, दार आतून लावता आलं की झालं,” असं सत्यभामाबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या.

विभावरीला हे वाक्य आता कुठेही गाठतं. लिफ्टमध्ये, मेथी निवडताना, लेकीच्या, ओवीच्या शाळेबाहेर गाडीत बसून वाट बघताना. त्या दिवशी मात्र ते ऐकून तिला हायसं वाटलं होतं. खिडकी नाही म्हणून ही बाई भाडं कमी करायला लावणार नाही, एवढाच अर्थ तिने घेतला होता.

खोली होतीच तशी. आखाती शहरातल्या ऊद मेथा भागातली जुनी इमारत, पाचवा मजला, दोन बेडरूमचा फ्लॅट आणि स्वयंपाकघराच्या मागे, पूर्वी घरकामाच्या बाईसाठी म्हणून काढलेली सहा बाय आठची जागा. छताजवळ एक जाळी होती, तिच्यातून फोडणीचा वास आत यायचा, उजेड नाही. विभावरी आणि तिचा नवरा चारुदत्त यांनी तिथे प्रवासाच्या बॅगा, ओवीची लहानपणची सायकल आणि गणपतीच्या मखराचे पुठ्ठे कोंबून ठेवले होते. दाराला कडी होती, पण बाहेरून. आत राहणाऱ्या माणसाला कधी दार लावून घ्यावंसं वाटेल, हे घर आखणाऱ्याच्या मनातच आलं नसावं.

राहायला आल्याच्या दुसऱ्या दिवशी सत्यभामाबाई सतव्यातल्या एका हार्डवेअरच्या दुकानातून पितळी कडी घेऊन आल्या. चारुदत्तकडे त्यांनी स्क्रूड्रायव्हर मागितला.

“राहू द्या, मी लावतो उद्या,” तो म्हणाला.

“उद्या लावा, साहेब. आज मी लावते,” असं म्हणून त्यांनी ती लावली. चार स्क्रू, सरळ रेषेत. चारुदत्त एका बांधकाम कंपनीत खर्चाचे अंदाज काढायचा. त्याने ते काम पाहून मान हलवली आणि उद्याचा विषय तिथेच संपला.

ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याआधी सत्यभामाबाई कुठे राहत होत्या, ते विभावरीला त्या कामाला होत्या त्या शिवणाच्या दुकानात कळलं होतं. त्या आजऱ्याकडच्या. नवऱ्याबद्दल कोणी विचारलं तर त्यांची दोन वाक्यं ठरलेली असत, “होते. मग दुसरीकडे राहायला गेले.” वयाच्या अडतिसाव्या वर्षी त्या सतव्यातल्या एका लेडीज टेलरच्या दुकानात कामाला आल्या. सुरुवातीला दुकानाच्या वरच राहायची सोय होती. ती इमारत पाडली, तेव्हा मालकाने पगारात थोडे पैसे वाढवले आणि आपापली जागा बघा म्हणून सांगितलं. मग करामामध्ये एका खोलीत आठ जणी. दुमजली लोखंडी पलंग, त्यातला एक खालचा भाग त्यांचा. पलंगाभोवती त्यांनी स्वतः शिवलेला पडदा होता आणि त्या पडद्याला आतून अकरा खिसे. कंगवा, औषधं, पासपोर्ट, चहाची पूड, सगळा संसार त्या खिशांत. ज्या बाईच्या नावावर तो फ्लॅट होता, ती एक दिवस कुणाला न सांगता विमानात बसून गेली. संध्याकाळी सगळ्या जणी कामावरून आल्या तर दाराला घरमालकाचं कुलूप.

विभावरी तेव्हा ब्लाउज शिवायला टाकायला म्हणून दुकानात गेली होती. माप देताना तिला समोरच्या फळीवर कात्र्यांचा डबा दिसला. त्यात कात्र्यांबरोबर एक टूथब्रश उभा होता.

“हा कुणाचा हो?” तिने सहज विचारलं.

“माझा. टेबलाचा भाडेकरू,” सत्यभामाबाई म्हणाल्या आणि हसल्या. तीन आठवडे त्या कापड बेतायच्या टेबलावर झोपत होत्या. मालकाला ते माहीत होतं आणि नव्हतंही. सकाळी टेबल ओल्या फडक्याने पुसायचं आणि त्याच्यावर गिऱ्हाइकाचं रेशीम पसरायचं. “लांबी पुरते,” त्या म्हणाल्या, “रुंदीला जरा जपावं लागतं.”

विभावरीने घरी येऊन चारुदत्तला सांगितलं. त्या वर्षी त्याचा पगार कमी झाला होता आणि ओवीची फी वाढली होती. नऊशे दिरहम ठरले, म्हणजे तेव्हाचे सतरा-साडेसतरा हजार रुपये. कीव किती आणि गरज किती, याची वाटणी विभावरीने तेव्हा केली नव्हती. आता करायला बसते आणि प्रत्येक वेळी उत्तर वेगळं येतं.

भाडेकरारात मात्र स्वच्छ लिहिलेलं होतं की जागा फक्त कुटुंबासाठी आहे, पोटभाडेकरू ठेवायचा नाही.

महिन्याभरात सत्यभामाबाई विभावरीच्या ‘ताई’ झाल्या आणि ओवीची ‘मावशी’. चारुदत्तला त्या ‘साहेब’च म्हणत राहिल्या.

“अहो, दादा म्हणा की,” तो एकदा म्हणाला.

“दादा म्हटलं की भाडं देताना मला लाज वाटेल आणि घेताना तुम्हाला.”

त्या कधी कुणाचं काही मागत नसत. स्वतःपुरतं सगळं उभं करायची त्यांना सवयच होती. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांच्या लक्षात आलं की एसीची नळी गॅलरीत ठिबकते आणि ते पाणी जाळीतून वाया जातं. त्यांनी नळीखाली बादली ठेवली. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसाला दोन बादल्या भरायच्या. मग इमारतीत कुठे रंगकाम निघालं की त्या रिकामे डबे मागून आणायला लागल्या. आधी कढीपत्ता आला, मग मिरची, मग गवती चहा आणि शेवटी आजऱ्याहून ओल्या फडक्यात बांधून आणलेला अळवाचा कंद. ऊन भाजायला लागलं की सगळे डबे भिंतीच्या सावलीला सरकवायचे आणि वरून जुन्या चादरीचं छप्पर. चहाचा चोथा, भाजीची देठं, सगळं त्या डब्यांत. विभावरी सुरुवातीला नाक मुरडायची. दोन वर्षांनी ती मैत्रिणींना अळूवडी वाढताना “घरचं अळू आहे हं” असं म्हणू लागली.

ओवीचे शाळेचे गणवेशही त्याच शिवत. त्यांत आतल्या बाजूला दोन-दोन इंच माया सोडलेली असे, जास्तीचं कापड दुमडून ठेवलेलं. मुलगी वाढली की टाके उसवायचे, नवी शिवण घालायची. एक गणवेश तीन वर्षं चालला. ओवीला त्याची लाज वाटायची, मग एकदम अभिमान वाटायला लागला. “इट्स सस्टेनेबल, मम्मा,” ती म्हणायची.

आणि ते घर. शुक्रवारी दुकानाला सुट्टी असे. जेवणं आटोपली की सत्यभामाबाई हॉलमध्ये फरशीवर खाकी कागद अंथरून बसत. आजऱ्याजवळ त्यांनी दोन गुंठे जागा घेतली होती. तिच्यावर बांधायचं घर त्या कागदावर टेलरच्या खडूने बेतत. एक फूट म्हणजे एक इंच. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे न्हाणी, न्हाणीचं पाणी जाईल तिथे अळू, त्याच्यापलीकडे शेवगा आणि पपई. विहीर शेजारच्याची, पण पाण्याचं बोलून ठेवलेलं. मीठ, तेल आणि काडेपेटी सोडली तर बाजारातून काही आणायचं नाही, असं त्यांचं ठरलेलं होतं.

चारुदत्त एकदा चहाचा कप घेऊन त्या कागदाजवळ उकिडवा बसला.

“ताई, ही भिंतीच्या बाहेरची दुसरी रेघ कसली?”

“माया. चारी बाजूंनी सोडलीय. पुढेमागे वाढवायचं झालं तर.”

“घराला अशी माया सोडत नाहीत हो. प्लॅनमध्ये असं काही नसतं.”

“म्हणून तर तुमची घरं उसवता येत नाहीत, साहेब.”

घर कधी, असं विचारलं की उत्तर एकच, अजून दोन वर्षं. सहा वर्षांत त्या दोन वर्षांतला एक दिवससुद्धा कमी झाला नाही. गावाकडे सिमेंट महाग होत गेलं आणि इथे त्यांचं शिवणकाम स्वस्त होत गेलं, कारण लोक तयार कपडे घेऊ लागले.

गेल्या हिवाळ्यात ओवी सोफ्यावर लोळत फोनवर काहीतरी बघत होती. सत्यभामाबाई शेजारी बसून तिच्या पँटची खालची दुमड घालत होत्या. अमेरिकेतली एक पिकल्या केसांची बाई आपलं घर दाखवत होती. ते घर म्हणजे एक व्हॅन होती. आत पलंग, दोन शेगड्या, काचेपाशी कुंडीत पुदिना.

“ही गाडीत राहते?” सत्यभामाबाईंनी दोरा तोडत विचारलं.

“हो. शी सोल्ड हर हाऊस. बाय चॉइस, मावशी. शी इज सेल्फ-सफिशियंट.”

“म्हणजे हौसेने.”

“सॉर्ट ऑफ.”

“मग तिला विचार, हौस कधी लागली. घरभाडं वाढायच्या आधी की नंतर.”

ओवी हसली. पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला. तिकडचाच कुठला तरी रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना तंबू, तंबूंच्या मागे चकचकीत काचेच्या इमारती. एक माणूस तंबूच्या दाराला चेन लावत होता. सत्यभामाबाईंनी सुई थांबवली.

“बघ, त्याने पण आतून लावायची सोय केलीय,” त्या म्हणाल्या.

विभावरी तेव्हा तिथेच टेबलाशी बसून ओवीच्या येत्या दहावीचं वेळापत्रक लिहीत होती. तिने ते ऐकलं आणि पुढची ओळ आखली.

उन्हाळा लागला आणि शहरात पालिकेने पार्टिशनच्या खोल्या तोडायला सुरुवात केली. एका खोलीच्या चार खोल्या करणारी ती प्लायवूडची भिंताडं धोक्याची होती, आग लागली तर माणसं आत अडकली असती, हे कुणालाच नाकारता येत नव्हतं. पण त्या भिंताडांच्या आत माणसं राहत होती. सतव्यात, देऱ्यात फुटपाथवर गाद्या आणि बॅगा दिसू लागल्या. कुणी शारजाला गेलं, कुणी मित्राच्या गाडीत झोपू लागलं. सत्यभामाबाईंच्या दुकानातली सुमैय्या, काज-बटणं करणारी हैदराबादची मुलगी, चार दिवस त्याच कापड बेतायच्या टेबलावर झोपली.

त्याच आठवड्यात ऊद मेथातल्या त्यांच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये कागद लागला. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव अॅपवर नोंदवा, महिन्याभरात पाहणी होईल.

सत्यभामाबाईंनी तो कागद ओवीकडून वाचून घेतला असावा. संध्याकाळी विभावरी कणीक मळत होती, तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. एरवी त्या आत येऊन काहीतरी हातात घ्यायच्या. त्या दिवशी उंबऱ्यापाशीच थांबल्या.

“वहिनी, त्या यादीत माझं नाव घालता येतं म्हणे.”

“कोण म्हणालं?”

“सुमैय्याला आता नवी जागा मिळालीय ना, तिथल्या बाईने घातलं तिचं. माझं इथलं ओळखपत्राचं कार्ड आहे, व्हिसा दुकानाचा आहे. सगळं कायद्याचं आहे.”

“तसं नाही ताई. आपल्या करारात फॅमिलीच लिहिलंय. घरमालकाला विचारावं लागेल. तो काय म्हणेल कोण जाणे.”

“नाही म्हणाला तर मी दुसरं बघेन. पण विचारून तर बघा. नाव असलं की बरं असतं. बेल वाजली की दचकायला नको.”

“बघते मी,” विभावरी म्हणाली.

तिने त्यांचं कार्ड मागून घेतलं आणि फोनमध्ये त्याचा फोटो काढला. रात्री चारुदत्तशी बोलली. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्यांचं भाडं जुन्या कराराचं होतं. बाजारात त्याच फ्लॅटला आता वर्षाला चाळीस हजार दिरहम जास्त मिळाले असते, म्हणजे नऊ लाखांच्या वर. पोटभाडेकरू ठेवल्याचं आपल्याच तोंडाने कबूल केलं, तर घरमालकाला आपल्यालाच बाहेर काढायला कारण मिळणार. ओवीचं दहावीचं वर्ष, शाळा पाच मिनिटांवर. “घालवायचंय का हे सगळं?” तो म्हणाला. “महिनाभर काढू गप्प. खलास.”

म्हणून विभावरीने घरमालकाला विचारलं नाही. सत्यभामाबाईंनी आणखी दोनदा आठवण केली आणि दोन्ही वेळा ती ‘बघते’ म्हणाली. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. कार्डाचा तो फोटो अजून तिच्या फोनमध्ये आहे. आंब्याच्या पेटीच्या फोटोनंतर आणि ओवीच्या वाढदिवसाच्या केकच्या आधी.

पाहणीची तारीख जवळ आली तेव्हा एका रात्री जेवताना चारुदत्तने विषय काढला.

“कुणी विचारलंच तर एकच सांगायचं सगळ्यांनी. मावशी आहेत, गावाहून आल्यात, थोडे दिवस राहणार.”

सत्यभामाबाई भात कालवत होत्या. “मावशी कुणाची?”

“म्हणजे?”

“वहिनींची की तुमची? आधी ठरवा. नाहीतर दोघं दोन आयांची नावं सांगाल.”

ओवी खुदकन हसली. चारुदत्तही हसला. “माझी. मी सावळा, तुम्ही सावळ्या. शोभेल.”

“बरं झालं. वहिनींकडची म्हटलं असतं तर रंग काढून आणावा लागला असता.”

सगळे हसले, आणि सगळं ठरून गेलं. आपण यांना इतकी वर्षं ताई म्हणतो, ओवी मावशी म्हणते, तेव्हा यात खोटं ते किती, असंही विभावरीला वाटलं. सत्यभामाबाईंनी ताट उचलताना एवढंच विचारलं, “नावाचं काही जमलं नाही ना?” आणि उत्तराची वाट न बघता नळ सोडला.

पाहणीनंतर जे झालं ते थोडकंच आहे, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं. पाहणी झाली, त्या दिवसापासून सत्यभामाबाई परत आल्या नाहीत. फोन लागायचा, उचलला जायचा नाही. आठव्या दिवशी सुमैय्या एक रिकामी बॅग घेऊन आली. तिने ताईंच्या खोलीतलं शिवणयंत्र खाली उतरवून घेतलं, कपडे भरले, खोली झाडली आणि त्यांच्याकडची फ्लॅटची किल्ली टेबलावर ठेवली. विभावरीने तिला चहा विचारला. “नहीं आंटी, टॅक्सी खडी है,” ती म्हणाली. विभावरी दोनदा दुकानात जाऊन आली. एकदा ताई सुट्टीवर आहेत म्हणून सांगितलं, दुसऱ्यांदा मालक म्हणाला की त्या आता अजमानला राहतात, दोन बस बदलून येतात आणि आज आलेल्या नाहीत. आत पडद्यामागे यंत्र चालल्याचा आवाज येत होता. पाय मारायची ती लय विभावरीच्या ओळखीची होती. ती थोडा वेळ उभी राहिली आणि निघाली.

कपाटाच्या वर खाकी कागदाची गुंडाळी राहिली होती. विसरली की ठेवली, हे तिला कधी कळणार नाही. ती उघडून विभावरीने गॅलरीच्या काचेपाशी धरली. दोन खोल्या, पडवी, न्हाणी, बाहेरची ती दुसरी रेघ. आणि इतके शुक्रवार तो कागद फरशीवर पसरलेला बघूनही तिच्या जे लक्षात आलं नव्हतं ते तेव्हा आलं. खिडक्या नुसत्या काढलेल्या नव्हत्या, कात्रीने कापून काढलेल्या होत्या. सात. प्रत्येकीतून ऊन आत आलं आणि तिच्या ड्रेसवर सात चौकोन पडले.

पाहणीचा दिवस शुक्रवार होता. घरी माणसं सापडतात म्हणून मॅनेजमेंटच्या लोकांनी मुद्दाम संध्याकाळ निवडली होती. पाच-साडेपाचला बेल वाजली. दारात चाळिशीतले एक मल्याळी गृहस्थ होते, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. कुणी न सांगता त्यांनी बूट बाहेर काढले. घरात येऊन आधी ओवीला विचारलं, “टेंथ? मेरा बेटी भी टेंथ.” विभावरीने मनात एखादा उग्र माणूस धरला होता. हे तर पाहुण्यासारखे बसले. त्यामुळे ती सावरण्याऐवजी अधिकच गडबडली.

“कितना लोग रहता है मॅडम?”

“तीन. हम दोनों और बेटी.”

त्यांनी लिहून घेतलं. मान वर केली तेव्हा गॅलरीच्या काचेपलीकडे सत्यभामाबाई दिसल्या. त्या एसीच्या पाण्याची बादली हातात धरून मिरचीच्या डब्यात सावकाश पाणी घालत होत्या. काचेचं दार बोटभर उघडं होतं.

“और ये?”

“ये मेरी...” चारुदत्तने सुरुवात केली.

“रिलेटिव्ह? विजिट पे? कोई बात नहीं. पासपोर्ट, व्हिसा का कॉपी दे दो, मैं लिख लेता है.”

ठरलेल्या गोष्टीत कागद नव्हता. चार माणसांनी बसून नातं ठरवलं, आई कुणाची तेसुद्धा ठरवलं, पण नातं सिद्ध करायला पासपोर्ट लागतो हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्या पासपोर्टात व्हिसा टेलरच्या दुकानाचा होता. चारुदत्तने विभावरीकडे बघितलं. आणि विभावरीच्या तोंडून, कुणी ढकलावं तसं, बाहेर पडलं,

“नहीं नहीं. काम पे आती है. शाम को चली जाती है.”

ओवीने झटकन आईकडे बघितलं. गॅलरीत पाण्याची धार थांबली. मग पुन्हा सुरू झाली.

गृहस्थांनी ते लिहिलं नाही. नुसती मान डोलावली आणि खोल्या बघायला उठले. दोन्ही बेडरूम झाल्या, स्वयंपाकघर झालं. मग मागचं दार. सत्यभामाबाईंनी सकाळीच गादीची वळकटी करून बॅगांच्या मागे सारली होती, यंत्रावर चादर टाकली होती, पुढे ओवीची सायकल उभी केली होती. कोण म्हणेल इथे माणूस राहतं.

“स्टोअर,” चारुदत्त म्हणाला.

गृहस्थ आत डोकावले. बाहेर येताना त्यांचा हात दाराच्या आतल्या बाजूला लागला. त्यांनी दार थोडं वळवून बघितलं. पितळी कडी, रोजच्या बोटांनी मधोमध घासून चकचकीत झालेली. चार स्क्रू, सरळ रेषेत.

“स्टोअर में अंदर से कुंडी?”

फ्रिज घुरघुरत होता.

“वो... कपड़े बदलती है ना, काम पे आती है तब,” विभावरी म्हणाली. आपलाच आवाज तिला स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाहून ऐकू आला.

गृहस्थांनी कडीवरचा हात काढून घेतला. हॉलमध्ये येऊन ते सोफ्याच्या कडेला टेकले आणि टॅब मांडीवर पालथा ठेवला. आवाज न चढवता, घरातल्या माणसाशी बोलावं तसं ते म्हणाले, “मॅडम, एक आदमी ज्यादा हो तो मुश्किल नहीं है. ओनर से एक लेटर ले लो, नाम अॅड हो जाता है. इस बिल्डिंग में छे-सात घर ने किया. ओनर अच्छा आदमी है, ना नहीं बोलता. सिर्फ छुपाना नहीं. छुपाया तो मेरे को रिपोर्ट करना पड़ता है.”

एक लेटर. विभावरीला आता म्हणता आलं असतं. चूक झाली, या इथेच राहतात, सहा वर्षं राहतात, उद्याच लेटर आणते. त्या माणसाने दार उघडून धरल्यासारखंच होतं ते. तिने चारुदत्तकडे पाहिलं, तो फरशीकडे बघत होता. दोनदा सांगितलेलं खोटं तिसऱ्या मिनिटाला मागे कसं घ्यायचं, हे तिला सुचेना. ती म्हणाली,

“नहीं, ऐसा कुछ नहीं है.”

“शाम को कितना बजे जाती है?” त्यांनी विचारलं. प्रश्न साधा होता. कदाचित त्यांना नुसता रकाना भरायचा होता.

उत्तर द्यायला विभावरीने तोंड उघडलं, तेवढ्यात गॅलरीचं दार सरकलं. सत्यभामाबाई आत आल्या. बाहेरची झळ आत येऊ नये म्हणून त्यांनी दार नेहमीसारखं शेवटपर्यंत ओढून घेतलं. रिकामी बादली स्वयंपाकघरात नेऊन उपडी ठेवली. ओढणीला हात पुसले. फ्रिजवर ठेवलेली पर्स घेतली आणि खांद्याला अडकवली.

“मावशी,” ओवी उठून उभी राहिली.

त्यांनी ओवीच्या गालाला ओलसर बोटं लावली. विभावरीकडे त्या बघतील असं विभावरीला वाटलं, आणि बघू नये असंही वाटलं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, सुटायची वेळ झालेली बाई बघते तसं. सहाला पाच कमी होती.

त्या हॉलमधून गेल्या. गृहस्थांनी पाय आवरून वाट दिली. चपलांच्या मांडणीत तिसऱ्या फळीवर सहा वर्षं त्यांची जागा होती. त्यांनी वाकून चपला काढल्या, हातात धरल्या, दाराबाहेर नेऊन ठेवल्या आणि मग पायांत घातल्या. दार हळूच ओढलं. कुलपाची जीभ खाचेत बसल्याचा आवाज झाला आणि बाहेर त्यांची पावलं लिफ्टकडे न वळता जिन्याने खाली उतरत गेली.